घराण्यातला ‘जज्ज’ कसा शोधावा: ब्रिटिश अमदानीतल्या न्यायाधीशाचा कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांसाठी

‘आमचे खापरपणजोबा जज्ज होते.’ एवढ्या वाक्याच्या भरवशावर मंडळी थेट मुंबईच्या पुराभिलेखागारात जातात, खिडकीवर आडनाव सांगतात आणि हात हलवत परत येतात. मग म्हणतात, सरकारने सगळं जाळून टाकलं. कागद बहुतेकदा जागेवर असतात, पण ते आडनावावर लावलेले नसतात. ते खातं, साल आणि खंड या क्रमाने असतात. त्यामुळे माणूस कुठल्या साली कुठल्या गावी कुठल्या पदावर होता हे ठाऊक असल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी गफलत याहून मोठी. सरकारने जज्जाची नोकरी लिहून ठेवली, घर लिहून ठेवलं नाही. त्याची बायको, भाऊ, सावत्र मुलं, दत्तक नातू यांचा पत्ता लागतो तो तो माणूस खुर्चीवरून उतरून खासगी गृहस्थ म्हणून कुठे सही करायला गेला, तिथे. घर घेताना, वाटणी करताना, दत्तक घेताना, गंगेवर पिंड देताना. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी पद, मग बदल्या, मग मिळकत आणि शेवटी माणसं. लोक नेमकं उलटं करतात. वंशावळ आधी काढतात आणि मग तिच्यात जज्ज बसवायला बघतात.

खालचं मार्गदर्शन मुख्यतः मुंबई इलाख्यातल्या हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, न्यायाधीशांसाठी आहे. संस्थानं, वऱ्हाड, मराठवाडा, गोवा आणि गोरे जज्ज यांच्यासाठी वाट कुठे फुटते ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

पायरी १. बाहेर पडण्याआधी घरातली झडती

एक जाड वही घ्या, नाहीतर संगणकावर तक्ता करा. रकाने पाच: साल, गाव, पद, माहिती कुठून मिळाली, खात्री किती. शेवटचा रकाना टाळू नका. सहा महिन्यांनी ‘हे मला कोणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न पडतोच.

मग घरातल्या वस्तू बघा. जुन्या फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचं नाव आणि गाव असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव, कधी साल घातलेलं असतं. पोथ्यांच्या शेवटच्या पानावर मुलांच्या जन्मतिथी टिपून ठेवायची रीत होती. पत्रिकांच्या गुंडाळीत जन्मगाव आणि वेळ मिळते. पेन्शनचा कागद, किताबाची सनद, लग्नाच्या याद्या, श्राद्धाच्या तिथींची यादी, देवघरातली वर्षासनाची पावती, काहीही फेकू नका.

श्राद्धाची यादी सगळ्यात कामाची. तिच्यात मृत्यूची तिथी असते, साल नसतं, पण पक्षात कोणाकोणाला पिंड द्यायचा ते असतं. निपुत्रिक काका, विधवा आत्या, वंशवृक्षातून गळलेली सगळी माणसं तिथे हजर असतात.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘ते कोण होते?’ असं विचारू नका. उत्तर ‘मोठे जज्ज होते’ एवढंच येतं. विचारा: सुट्टीत कुठल्या गावी जायचे? घरात कानडी किंवा गुजराती कोणाला यायची? आजी धारवाडचं नाव का काढायची? कुठल्या आत्याचा जन्म कुठल्या गावचा? बदल्यांचे धागे अशा प्रश्नांतून हाती लागतात.

*तपासा:* पुढे जाण्यापूर्वी तुमच्याकडे तीन गोष्टी हव्यात. त्या माणसाचं नाव वडिलांच्या नावासह, अंदाजे दहा वर्षांचा कालखंड, आणि निदान एक गाव. यातलं एक कमी असेल तर अजून एका नातेवाइकाकडे जाऊन या.

पायरी २. ‘जज्ज’ म्हणजे नेमका कोण, ते ठरवा

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. घरच्या बोलण्यात कोर्टाशी संबंध आला की माणूस जज्ज होतो. प्रत्यक्षात शक्यता अशा असतात.

१८६९ च्या आधी हिंदी न्यायाधीशाची पदं मुन्सफ, सदर अमीन आणि मुख्य सदर अमीन अशी होती. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने ही नावं जाऊन सबऑर्डिनेट जज्ज आले. त्यांचे वर्ग दोन. दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जापुढे पाच हजार रुपयांच्या आतले दावे चालत, त्यावरचे पहिल्या वर्गाकडे. म्हणजे १८६० सालच्या कागदात ‘सबजज्ज’ शोधाल तर सापडणार नाही आणि १८८० सालच्या दिवाणी कोर्टात ‘सदर अमीन’ शोधाल तरी तेच. पुढे याच पदाला सिव्हिल जज्ज म्हणू लागले.

डिस्ट्रिक्ट जज्जाच्या खुर्चीवर त्या काळी बहुधा गोरा सिव्हिलियन, म्हणजे सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी, असे. सत्येंद्रनाथ टागोर सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेतून येऊन याच इलाख्यात जज्ज झाले, पण असे लोक अगदी थोडे. हायकोर्ट सुरू झालं १८६२ मध्ये. तिथे १९०१ पर्यंत कायम नेमलेले हिंदी न्यायमूर्ती बोटांवर मोजण्याइतके: नानाभाई हरिदास, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे, बद्रुद्दीन तय्यबजी, नारायण गणेश चंदावरकर. तुमचे पणजोबा या यादीत नसतील आणि काळ हाच असेल, तर ‘हायकोर्टाचे जज्ज’ ही घरातली बढती समजा.

मग उरतात ते भलतेच लोक. मामलेदाराला वहिवाटीचे, ताब्याचे दावे चालवायचा अधिकार होता, शिवाय तो मॅजिस्ट्रेटही असे. गावातले प्रतिष्ठित गृहस्थ ऑनररी मॅजिस्ट्रेट असत. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली गावोगाव ग्राममुन्सफ आणि समेट घडवणारे पंच नेमले गेले. हे लोक पगारी न्यायाधीश नव्हते, पण घरात ‘मुन्सफ’ हा शब्द उरला. आणि शिरस्तेदार, नाझर, कारकून ही कोर्टातली माणसं तर तिसऱ्या पिढीत हमखास जज्ज होतात. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. शिरस्तेदाराचे कागद कधीकधी जज्जापेक्षा जास्त सापडतात, कारण तो एकाच गावी वर्षानुवर्षं असे.

*इशारा:* ‘रावसाहेब’ आणि ‘रावबहादूर’ या शब्दांवरून पद ठरवू नका. कोर्टाच्या छापील अहवालांत हिंदी सबजज्जाच्या नावाआधी हे मानाने लावलेले असतात. सनद देऊन मिळालेला किताब निराळा, आणि त्याची वेगळी घोषणा सरकारी गॅझेटात येते. ती सापडेपर्यंत ‘किताब मिळाला’ असं लिहू नका.

पायरी ३. राज्य कोणाचं होतं?

आजचा महाराष्ट्र डोक्यातून काढून टाका. मुंबई इलाख्यात सुरत, भडोच, खेडा, अहमदाबाद होते. धारवाड, बेळगाव, विजापूर होते. कारवारचा जिल्हा १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबईकडे आला. पुण्याचा सबजज्ज भडोचला जाई आणि तिथून हुबळीला. उलट नागपूर आणि वऱ्हाड या इलाख्यात नव्हतेच. तिथले कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात बघायचे. मराठवाडा निजामाकडे, तिथल्या न्यायखात्याचा कारभार उर्दू-फारसीत आणि मोठा दफ्तरसाठा हैदराबादला. गोव्याचं सगळं पोर्तुगीजमध्ये, पणजीच्या पुराभिलेखागारात. मात्र मूळ गोव्याची, पण मुंबईत किंवा कारवारात नोकरी केलेली सारस्वत घराणी दोन्हीकडे शोधावी लागतात. कुलदैवताच्या देवस्थानातल्या महाजनांच्या यादीत नाव आहे का, हे तिथे पहिलं बघायचं.

संस्थानांचं प्रकरण वेगळं. कोल्हापूर, सांगली, मिरज, बडोदा, इंदूर यांचे स्वतःचे न्यायाधीश होते आणि ते मुंबई सरकारच्या याद्यांत सापडत नाहीत. खुद्द रानड्यांनी सुरुवातीला अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांत काम केलं होतं. त्यामुळे इलाख्याच्या यादीत चार वर्षांचं भगदाड दिसलं, तर माणूस आजारी होता असं मानण्याआधी तो कुठल्या दरबारात होता का ते बघा.

जिल्ह्यांच्या हद्दीही हलत्या होत्या. कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. कलादगीचं मुख्य ठाणं १८८५ मध्ये विजापूरला गेलं. खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये पडले. १८८० च्या सुमारास छापलेल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत न्यायव्यवस्थेवर एक प्रकरण असतं. जिल्ह्यात किती सबजज्ज, कुठल्या गावी, कुठले तालुके कोणाखाली हे तिथे लिहिलेलं आहे. हे खंड इंटरनेटवर फुकट मिळतात. तुमच्या गावाचं पान काढून ठेवा.

पायरी ४. नाव: एकाची चार रूपं

इंग्रजी कागदात हिंदी न्यायाधीशाचं नाव सहसा स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिहेरी येतं. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या फुकट मिळतात. पण या ओळीत तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा आडनाव गाळण्याचा. जुन्या नोंदींत नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव येतं. लोकहितवादी त्यांच्या काळात ‘गोपाळराव हरी’ म्हणूनच ओळखले जात. म्हणून सूचीत आडनावाच्या अक्षराखाली नाही मिळालं, तर पहिल्या नावाच्या अक्षराखाली बघा.

दुसरा खड्डा वतनी आडनावाचा. त्याच लोकहितवादींचं देशमुख हे आडनाव वतनावरून आलं, मूळ आडनाव शिद्धये. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, इनामदार अशा घराण्यांत भावाभावांची आडनावं वेगळी असू शकतात.

तिसरा दत्तकाचा, आणि हा सगळ्यात फसवा. न्यायमूर्ती तेलंगांच्या नावातले त्र्यंबक हे त्यांचे जन्मदाते नव्हेत. ते चुलते, ज्यांनी त्यांना दत्तक घेतलं. जन्मदात्याचं नाव बापू. आता सरकारी कागदातल्या मधल्या नावावर विसंबून वंशवृक्ष काढला, तर सबंध एक फांदी चुकीच्या ठिकाणी लागते. दत्तक घरात सांगतात, बाहेर सांगत नाहीत. तिसऱ्या पिढीनंतर घरातही सांगत नाहीत.

एका पानावर नावाची सगळी रूपं लिहून ठेवा. रोमन लिपीत एकाच मराठी नावाची पाच-सहा स्पेलिंगं होतात, जुन्या छपाईत ‘आ’साठी अक्षरावर रेघ देत. डिजिटल प्रतींत त्या रेघेमुळे शोध फसतो. आडनाव टाकून काही आलं नाही, तर गावाचं नाव आणि पद टाकून शोधा.

पायरी ५. बदल्यांचा तक्ता

हे सगळ्या कामाचं हाड आहे. याला वेळ द्या. आणि बरं म्हणजे, यातलं बरंचसं घरबसल्या होतं.

*शिक्षणापासून धरा.* मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये, पहिले पदवीधर १८६२ चे. विद्यापीठाच्या छापील कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्या साल आणि कॉलेजसह आहेत. रानडे १८६२ चे बी.ए., १८६६ चे एलएल.बी., तसं तुमच्या माणसाचं साल काढा. त्याहून जुना मुन्सफ असेल तर पदवी नसणार. तो बहुधा कारकुनीतून चढत आलेला असतो.

*मग सिव्हिल लिस्ट.* मुंबई सरकार ठरावीक काळाने अधिकाऱ्यांच्या छापील याद्या काढत असे: नाव, पद, ठाणं म्हणजे नेमणुकीचं गाव, पगाराचा दर्जा. त्याच्या जोडीला राजपत्रित अधिकाऱ्यांच्या सेवेचा इतिहास देणारे खंड. यात एकेका माणसाची कारकीर्द ओळीने असते, कुठल्या तारखेला कुठे, कायम की हंगामी, कधी रजेवर. हा खंड मिळाला की अर्धं काम झालं. पण तो खालच्या दर्जाच्या लोकांना आणि जुन्या काळाला पुरत नाही, तेव्हा याद्या साल-दरसाल चाळाव्या लागतात.

*मग सरकारी गॅझेट.* बॉम्बे गव्हर्न्मेंट गॅझेट १८३१ पासूनचं. नेमणूक, बढती, रजा, चार्ज दिला-घेतला हे सगळं त्यात. वर्षाची सूची असेल तर आधी ती बघा.

*आणि हायकोर्टाचे निकाल.* हे लोकांना सुचतच नाही. १८६२ पासून बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स आणि १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका. अपिलाच्या निकालाच्या सुरुवातीला अनेकदा एक वाक्य असतं, त्याचा मतलब असा: अमुक जिल्ह्याचे डिस्ट्रिक्ट जज्ज अमुक यांनी, रावसाहेब अमुक, तमुक गावचे सबऑर्डिनेट जज्ज, यांचा हुकूमनामा (दाव्याचा निकाल) फिरवला, त्यावर हे दुसरं अपील. म्हणजे खालच्या कोर्टातला सबजज्ज कोण, कुठल्या गावचा, आणि त्याचा निकाल वर टिकला की नाही, हे एका वाक्यात मिळतं. आपल्या पणजोबांचे निकाल हायकोर्टाने किती वेळा फिरवले हे वाचायला घरच्यांना आवडत नाही, पण त्या माणसाचा स्वभाव कळायला दुसरं साधन नाही.

सावध राहा, निकालाचं साल आणि हुकूमनाम्याचं साल यांत बरंच अंतर असतं. १८८४ च्या खंडात नाव आलं म्हणून १८८४ साली तो तिथे होता असं नाही. मूळ दाव्याची तारीख आत शोधा.

*वर्तमानपत्रं शेवटी.* ज्ञानप्रकाश, इंदुप्रकाश, केसरी यांत बदलीच्या बातम्या, निरोपाच्या पानसुपाऱ्या आणि मृत्युलेख येतात. तारखा माहीत नसताना वर्तमानपत्र चाळणं म्हणजे आयुष्य घालवणं. तारीख हाती असेल तर त्या आठवड्याचे अंक काढा, काम संपलं.

तक्ता कसा दिसावा याचा नमुना म्हणून रानड्यांची माळ घ्या: १८७१ पुणे, पहिल्या वर्गाचे सबजज्ज. १८७८ नाशिक. १८७९ धुळे. १८८१ मुंबई, हंगामी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट. १८९३ हायकोर्ट. तुमच्या तक्त्यात अशा जितक्या ओळी, तितकी गावं तुम्हाला शोधायची आहेत.

*तपासा:* एकाच तारखेला माणूस दोन गावी दिसतोय? मग एकतर हंगामी नेमणूक आहे, नाहीतर एकाच नावाचे दोन गृहस्थ. महादेव, गोविंद, विनायक या नावांची अशी जोडी काही दुर्मीळ नव्हे. वडिलांचं नाव आणि पदवीचं साल जुळल्याशिवाय दोघांना एक करू नका.

रजेच्या तारखा कोपऱ्यात लिहून ठेवा. घरात लग्न, मुंज, मृत्यू असला की माणूस रजा घेतो. मे महिन्यात रजा दिसत नाही म्हणून लग्न झालं नाही असं मात्र नाही. दिवाणी कोर्टांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टीच असे.

पायरी ६. आता पुराभिलेखागार

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं मुख्य पुराभिलेखागार. तिथे न्यायखात्याचे म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड आहेत. ओळखपत्र, अर्ज आणि संशोधनाचा विषय लेखी लागतो. अर्जात ‘माझ्या पूर्वजांची माहिती’ असं लिहू नका. ‘१८६४ ते १८७२, न्यायखातं, अमुक जिल्ह्यातल्या मुन्सफांच्या नेमणुका’ असं लिहा. खिडकीमागच्या माणसाला काय काढायचं ते तेव्हा कळतं.

मागताना एका दिवशी थोडे खंड मागा आणि वर्ष एकदम बदलू नका. नेमणुकीचा अर्ज, वरिष्ठांचा शेरा, तक्रार, पेन्शनची फाइल, यांतलं काय मिळेल ते नशीब. पण तक्रारीची फाइल मिळाली तर ती आधी वाचा. लाचेचा, पक्षपाताचा किंवा ‘आपल्या भाऊबंदांना कारकून केलं’ असा आरोप असेल, तर त्या भाऊबंदांची नावं नात्यासकट लिहिलेली असतात. वंशावळीला असा साक्षीदार दुसरा नाही.

गोऱ्या जज्जाच्या मागावर असाल तर वाट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दफ्तराकडे जाते. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नोंदी तिथे एन/३ या मालिकेत आहेत. १८५८ पूर्वी भरती झालेला सिव्हिलियन बहुधा हेलीबरी कॉलेजातून आलेला असतो आणि तिथल्या प्रवेशाच्या कागदांत आईबापांची माहिती मिळते. मृत्युपत्रंही त्याच दफ्तरात. त्या मानाने आपलं काम कठीण, कारण आपल्याकडे चर्चसारखी एक नोंदवही नाही.

पायरी ७. माणूस घरी आल्यावर: मिळकत, दत्तक, वारस

इथून पुढे नोकरीचं गाव सोडा आणि मूळ गाव किंवा निवृत्तीनंतर जिथे घर बांधलं ते गाव धरा. नोकरी पंचावन्नाव्या वर्षी संपे. पुणे, नाशिक, सातारा, ठाणे अशा ठिकाणी निवृत्त सबजज्जांचे वाडे आहेत.

शहरातलं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक घ्या. तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या मागची चौकशी नोंदवही मागा. घर कोणाकडून आलं, कोणाचा हक्क सांगितला गेला, वाटणी कधी झाली हे त्या नोंदवहीत सापडतं.

जमीन असेल तर सात-बारापेक्षा जुने फेरफार महत्त्वाचे. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव आणि वारसांची नाती असतात. अनेक जिल्ह्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. गाव नमुना १४ म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. तहसीलच्या अभिलेख कक्षात ते मिळण्याची शक्यता आहे आणि जुनं असेल तर मोडीत.

इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे, म्हणजे पेशवे दफ्तराकडे वळा. इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे घराण्यांना आपला हक्क सिद्ध करायला कैफियत, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी लागली, आणि कैफियतीबरोबर वंशावळ. ती स्वार्थापोटी दिलेली असते, हे विसरू नका. इनामावर हक्क सांगता येणारे पुरुष तिच्यात ठळक, मुली आणि वेगळे निघालेले भाऊ गायब.

जिल्हा न्यायालयात दोन गोष्टी शोधा. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिलेले वारस दाखले, आणि घरातल्याच वाटणीचे किंवा दत्तकाचे दावे. दुसऱ्याचे तंटे तोडणाऱ्या माणसाच्या घरात तंटा होतोच, आणि त्या दाव्याच्या कैफियतीला जोडलेला वंशवृक्ष दोन्ही बाजूंनी तपासलेला असतो. एका बाजूने खोटं नाव घातलं तर दुसरी बाजू लगेच ओरडते. दाव्याचे बरेचसे कागद मुदतीनंतर नष्ट करतात. हुकूमनामे आणि रजिस्टरं जास्त टिकतात. म्हणून आधी रजिस्टर बघा, दाव्याचा नंबर आणि साल घ्या, मग नकलेचा अर्ज करा.

*मोडीबद्दल.* मोडीत रेघ आधी ओढतात आणि अक्षरं तिला लटकवतात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे नवखा वाचक नावाची फोड चुकवतो. निदान पाच खुणा ओळखायला शिका: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘वलद’ म्हणजेही तेच, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मयत’ आणि ‘दस्तुर खुद्द’. बाकीचं जाणकाराकडून वाचून घ्या आणि लिप्यंतराबरोबर मूळ पानाचा फोटो जपून ठेवा.

*तारखांबद्दल.* शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पौष उत्तरार्ध, माघ, फाल्गुन यांना ७९. महसुली कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवा आणि वर्ष जूनच्या सुमारास मृगापासून धरा, म्हणजे फसली १२७३ हे १८६३-६४. पेशवाईच्या कागदातला शुहूर सन असेल तर ५९९. तीनही सन एकाच दप्तरात भेटतात, तेव्हा कुठला सन आहे हे बघितल्याशिवाय बेरीज करू नका.

पायरी ८. तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग. गाव, आडनाव आणि जात सांगितली की कुठल्या घराकडे तुमची वही आहे ते कळतं. वहीत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लेख लिहिलेला असतो: स्वतःचं नाव, वडील, आजोबा, पणजोबा, भाऊ, चुलते, मुलं, तिथी आणि सही.

जज्जाच्या बाबतीत या वह्यांना विशेष भाव. माणूस नाशिकला किंवा जवळपास बदलून आला की पाठोपाठ सगळे नातेवाईक यात्रेला येत. म्हणून त्या दोन-तीन वर्षांतले लेख सलग बघा, फक्त त्याचाच नाही. आपल्या मूळ गावाच्या नावाखाली बघा, नोकरीच्या गावाखाली नव्हे.

फोटो काढायच्या आधी विचारा. वही ही त्या घराची मिळकत आहे. लेख उतरवून घेऊ देतात, फोटोला कधी नाही म्हणतात, त्यावर वाद घालू नका. दक्षिणा आधी ठरवा, आणि निघताना तुमच्या पिढीचा लेख स्वच्छ अक्षरात लिहा.

पायरी ९. बायका आणि मुली

छापील कुलवृत्तांतांत मुलींना ‘कन्या दोन’ एवढ्यावर वाटेला लावलेलं असतं. पत्नीचं माहेरचं नाव बदललेलं, पहिली बायको वारली असेल तर ती नोंदीतच नाही. रमाबाई रानड्यांचं माहेरचं नाव यमुना, आडनाव कुर्लेकर, गाव देवराष्ट्रे. आधीच्या पत्नी सखूबाई १८७३ मध्ये वारल्या, त्याच वर्षी हे दुसरं लग्न झालं. इतक्या प्रसिद्ध घरात हे माहीत आहे. बाकीच्या घरांत मुलांच्या वयांतल्या अंतरावरून अंदाज बांधावा लागतो. दोन भावांत दहा वर्षांची खिंड दिसली, तर आई एकच होती का हे विचारा.

मुलांचे जन्म शोधताना एक गोष्ट हमखास चुकते. बदलीच्या गावची नगरपालिका उघडतात आणि काही मिळत नाही. पहिलटकरीण माहेरी जात असे. पहिल्या मुलाची नोंद आजोळच्या गावी बघा, पुढच्यांची नोकरीच्या गावी. आजोळचं गाव त्यातूनच उघड होतं आणि तिथून आईचं घराणं लागतं.

सोयरिकींचंही तसंच. सबजज्जाचे व्याही कोण होते हे काढा. वकील, मामलेदार, डेप्युटी, शाळाखात्यातले अधिकारी, याच वर्तुळात लग्नं जुळत. व्याह्यांच्या घरी तुमच्या पणजोबांची पत्रं असू शकतात, कारण त्यांनी ती जपली आणि तुमच्या घरी वाटणीच्या वेळी रद्दीत गेली.

पायरी १०. लिहायला बसताना

प्रत्येक माणसाच्या नावापुढे आधार लिहा: वहीतला लेख, गॅझेट, फेरफार, की आत्याचं बोलणं. छापील कुलवृत्तांत हा आधार म्हणून एकटा पुरत नाही, तो बहुतेकदा घरोघरी पत्रं पाठवून आलेल्या उत्तरांवर रचलेला असतो. दोन कागद भांडत असतील तर दोन्ही छापा आणि तुम्ही कोणता मानला ते सांगा. दत्तक असेल तर दोन्ही बाप दाखवा, एक रेघ तुटक ठेवून.

हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, मिळकतीचे तपशील छापू नका. जुना फौजदारी खटला, विधवेचा छळ, दुसऱ्या जातीतलं लग्न असं काही निघालं, तर छापण्यापूर्वी त्या शाखेतल्या हयात माणसांना दाखवा. ते नको म्हणाले तरी मूळ कागदाची प्रत आणि संदर्भ क्रमांक घरच्या दप्तरात ठेवून द्या, एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडेही असू द्या.